जन्माआधी केलेली खोडी

कल्पना करा, तुमच्यासमोर दोन वह्या शेजारी ठेवल्यावर होईल एवढी चपटी लोखंडी पेटी आहे. तिला ओळीनं चोवीस भोकं. प्रत्येक भोकात एक निळी वायर आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला ग्रंथालयातला एकेक कॉम्प्युटर. या पेटीला स्विच म्हणतात. आता हीच पेटी चहाडखोर झाली तर? कोणती वायर कधी निघाली, कधी लागली, सगळं टिपून ठेवायला लागली तर?

ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत भिंगरीची आत्या त्या दिवशी पेटीला नेमकं हेच शिकवत होती. सकाळी नऊला तिनं स्विच चालू केला आणि बराच वेळ खपून नोंदी ठेवायचं काम त्याला लावून दिलं. वायर निघताच फोनवर सूचना यावी, ती सोय मात्र चहानंतर करू म्हणून ती खाली गेली. जाताना कशालाही हात लावू नकोस, असं तिनं दोनदा बजावलं.

दोनदा बजावलं की भिंगरीचे हात शिवशिवायचेच. पेटी खरंच चहाडी करते का, ते बघायला नको? तिनं सात नंबरची वायर ओढली, पाचपर्यंत आकडे मोजले आणि परत खोचली.

दुपारी ग्रंथपाल तणतणत वर आले. पुस्तकांची सगळी यादी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवायला लावून ते सकाळीच बैठकीला गेले होते, आणि ती अर्ध्यातच अडकली होती. त्यांचा संशय थेट सफाईवाल्या काकांवर, कारण दहा वाजता काकांनी या खोलीतली फरशी पुसली होती. मागे खिडकीची काच फुटली तेव्हा काकांविरुद्ध एक तक्रार झालीच होती. दुसरी झाली की काम जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काका दाराशी फडकं पिळत उभे राहिले.

आत्यानं नोंद उघडली. सात नंबर, म्हणजे ग्रंथपालांचाच कॉम्प्युटर, बंद, १ जानेवारी १९७०, दोन वाजून दहा मिनिटं.

"तेव्हा तर माझा जन्मही झाला नव्हता," भिंगरी घाईघाईनं म्हणाली.

"माझाही नव्हता," ग्रंथपाल म्हणाले. "म्हणून काय यादी आपोआप अडकली?"

आत्यानं जीभ चावली. स्विचचं घड्याळ लावायचंच राहिलं होतं. खरी वेळ सांगितली नाही, तर चालू झाल्या क्षणी तो १९७० सालची सुरुवात धरतो आणि शून्यापासून मोजत सुटतो, असं तिनं समजावलं. मग भिंगरीकडे जरा जास्तच वेळ पाहून कागद-पेन्सिल पुढे केली.

"नऊला चालू केला होता. कर बघू हिशेब."

भिंगरीनं बेरीज केली. अकरा वाजून दहा मिनिटं. तेव्हा काका खालचा जिना पुसत होते. एका आकड्यावर खोडरबर फिरवलं असतं, तर सहज दहा वाजून दहा झाले असते. तिनं दाराकडे पाहिलं. काका अजून फडकं पिळत होते. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

भिंगरीनं उत्तराभोवती गोल काढला, खाली "तेव्हा खोलीत मी एकटीच होते" असं लिहिलं आणि कागद आत्याला न देता सरळ ग्रंथपालांच्या हातात ठेवला.