लाथाळ गाय, बसका बैल

उजाडायला आणि गोठ्यात दोघांची जुंपायला एकच गाठ पडली. थोरली गाईचे मागचे पाय दोरानं बांधून धार काढत होती. दीर दारात उभा राहून, बाजारात काय बोलायचं ते तिला पढवत होता.

"वहिनी, गाय गरीब आहे, एवढंच म्हणायचं. पुढं तोंड उघडायचं नाही."

"गरीब आहे तर मी हिचे पाय कशाला बांधलेत, भावजी?"

थोरली म्हणजे त्या घरातली मोठी सून. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. दीर नि जाऊ त्याच अंगणात वेगळी चूल मांडून राहत होते, पण गोठा आणि कडबा सामाईकच. यंदा पावसानं तोंड काळं केलं होतं. कडब्याची गंज बघून शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं की, यात तिची गाय-म्हैस नि त्याचे दोन बैल, अशी चार जनावरं निभायची नाहीत. म्हणून दोन विकायची ठरली. एक तिची लाथाळ गाय, दुसरा त्याचा बसका बैल. बैल दिसायला राजबिंडा, पण ऊन तापलं की आहे तिथं बसायचा. मग शेपूट पिरगाळा नाहीतर पाया पडा, संध्याकाळशिवाय उठायचा नाही.

दिराला गाव तत्त्वोजी म्हणायचं. मागच्या महिन्यात तो शहरात कसल्याशा शिबिराला जाऊन आला होता. माणसानं आपली पाच मूल्यं कागदावर लिहावीत आणि रोज त्यांबरहुकूम जगावं, असं तिथं शिकवलं होतं म्हणे. यानं घरी येऊन नवी कोरी वही काढली. सत्य, निष्ठा, सेवा, संयम एवढं लिहिलं. पाचवं काही केल्या सुचेना, तेव्हा पुन्हा एकदा सत्यच लिहून टाकलं. मग तो थोरलीकडे वळला. तुमची मूल्यं सांगा, मी लिहितो, म्हणाला. ती म्हणाली, जनावराला आधी पाणी, मग आपल्याला. त्यानं वही मिटली आणि हे मूल्य नव्हे, ही सवय झाली, असं तिला समजावून सांगितलं. थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं आणि चुलीत फुंकर घातली. शेणावर अत्तर शिंपडलं म्हणून माशी फसत नाही.

बाजारात दिराची जीभ सकाळपासून लोण्यावर चालल्यासारखी चालली होती. बैल दिवसभर नांगराला थकत नाही, पोटच्या पोरासारखा वाढवलाय, असं सांगता सांगता त्यानं डोळ्यांना पाणीसुद्धा आणलं. दगडाच्या खाणीवर गाडी हाकणारा एक आडदांड गडी भुलला आणि दुपारच्या आत बैल घेऊन गेला.

थोरली मात्र येईल त्याला सांगत होती, दूध चांगलं देते, पण लाथ मारते. लोक ऐकून दचकायचे. जी बाई एवढं आपल्या तोंडानं सांगते ती लपवत काय असेल, असं एकमेकांत कुजबुजून पुढं सरकायचे आणि चार पावलांवर दुसऱ्या कुणाचं खोटं तोंडभर गिळायचे. थोरलीला त्यांची कीवही आली नाही. ज्याला फसायचीच हौस, त्याला कोण आवरणार?

ऊन कललं तेव्हा एक तरुण जोडपं आलं. पोरीला सातवा महिना असावा. गाय तिच्या मनात भरली. गाईनंही तिचा हात चाटला. लाथेचं सांगितलं तर नवरा हसून म्हणाला, पाय बांधू की.

"धार कोण काढणार?" थोरलीनं विचारलं.

"हीच. मी कामावर असतो."

थोरलीनं पोरीच्या पोटाकडे पाहिलं. दीर मागून डोळे वटारत होता. तिनं नवऱ्याच्या हातातून दावं काढून घेतलं.

"मग नाही देत. दोर तोडून हिनं माझी बरगडी मोडली होती."

घरी येताना दीर वाटभर तोंडाचा पट्टा चालवत होता. थोरलीला काही फार अभिमान वाटत होता असंही नव्हे. उलट ती स्वतःवरच चरफडत होती, कारण कडबा काही खरं बोलल्यानं वाढत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती विळा घेऊन ओढ्याकाठी जायला लागली. काटेरी, करपलेलं, जे हाताला लागेल ते कापायची आणि भारा डोक्यावर घेऊन यायची. तळहात सोलून निघाले.

चौथ्या दिवशी खाणीवरचा गडी बैल ओढत अंगणात आला. भरली गाडी घेऊन बैल चढावर मध्येच बसला होता, गाडी मागं गेली होती, गडी थोडक्यात वाचला होता. त्याला लांबून बघताच तत्त्वोजी उडी मारून कडब्याच्या गंजीमागे दडला होता. जाऊ पुढं झाली आणि म्हणाली, ते गावाला गेलेत, आठ दिवस यायचे नाहीत.

गडी थोरलीकडे वळला. "तुम्ही त्या दिवशी गाईचं खरं सांगत होता. तुम्ही सांगा, कुठाय तो?"

गंजीमागून तिलाच ऐकू येईल असा दबका आवाज आला, "वहिनी, घराची अब्रू..."

थोरलीनं हिशेब एका दमात केला. बैल परत आला की कडबा महिनाभर आधी संपणार. पोट तिच्या म्हशीचंही जळणार.

"गंजीमागे आहे," ती म्हणाली. "ओढून काढा, पण पेंढ्या तुडवू नका."

तत्त्वोजी बाहेर आला तेव्हा डोक्यात, कानात, मिशीत कडबा होता. पैसे आणायला तो घरात गेला. पैसे मोजून घेऊन गडी वाटेला लागला, आणि बैल, ऊन होतंच, अंगणाच्या मधोमध बसला.

"असं का केलंत, वहिनी?" दिराचा आवाज रडवेला झाला होता. "आता जनावरांना घालायचं काय?"

"त्यानं विचारलं, मी सांगितलं."

तिनं वळचणीतून दुसरा विळा काढला, त्याच्या पायापाशी टाकला आणि ओढ्याची वाट धरली.