सिलिंडरवरचं स्वस्तिक

चावी फिरवली की इंजिन दोनदा खोकायचं आणि बसायचं. धम्मरत्नभाऊंनी प्लग काढून पुसले, बॅटरीच्या तारा घासल्या, गॅसची चकती बंद करून पुन्हा अगदी हळू उघडली. एकदम उघडली की आतली झडप रुसून बंद होते, असं ते नेहमी सांगत. तरी गाडी उठेना. काटा मात्र अर्धा सिलिंडर गॅस दाखवत होता.

आर्णीजवळच्या आमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला गॅसवर चालणारी ही एकच फोर्कलिफ्ट. मी समोर वजनकाट्यावर बसते. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. काट्यावर दिवसाला चार गाड्याही येत नव्हत्या. मॅनेजर बाबाराव सगळ्यांदेखत भाऊंना म्हणाले, "दोन वाजता गाठी न्याले ट्रक येते. तोवर चालू झाली तं ठीक, नाही तं हे भाड्याची गाडी नागपूरले वापस. अन् गाडीच नाही, तं मेकॅनिक कायले पाह्यजे?"

एकोणीस वर्षांची नोकरी. भाऊंनी मान हलवली आणि पाना उचलला.

मार्गशीर्षातला गुरुवार, माझा उपास होता. काट्यावर बसायच्या आधी प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावायचं, हा माझा रोजचा नेम. इंजिनाला उपास चालत नाही, त्याला गॅसच लागतो, अशी थट्टा भाऊ करायचे. पण माझं कुंकू लावून होईपर्यंत चावी फिरवत नसत. नेम त्यांचाही होता. हात जोडून पंचशील म्हटल्याशिवाय ते पान्याला शिवत नसत.

बाराच्या सुमारास त्यांनी सिलिंडरवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग मला हाक मारली. "ताई, हात लावून पाहा बरं."

सिलिंडर माठासारखा गार होता, वर दव धरलं होतं.

"याले पातळ गॅस पाह्यजे. हे नुसती वाफ ओढून राह्यलं. म्हणून अंग गार पडलं."

ते वाकले. सिलिंडर गाडीच्या पाठीवर आडवा बसतो, आणि त्याच्या कड्याचं भोक खालच्या पिनेवर बसायला हवं. ते वीतभर बाजूला होतं. आतली नळी वाकडी असते. पिन बसली तरच तिचं तोंड तळाशी, पातळ गॅसमध्ये बुडून राहतं. कोणीतरी सिलिंडर पाव फेरा फिरवला होता. त्यामुळे नळीचं तोंड तळाऐवजी मध्यावर आलं; अर्धा गॅस सरेपर्यंत गाडी चालली आणि मग नळी उघडी पडली.

नवरात्रात तो सिलिंडर रिकामा, जमिनीवर उभा होता, तेव्हा त्यावर शेंदराचं स्वस्तिक मीच काढलं होतं. सोमवारी तो भरून आला, भाऊंनी गाडीवर आडवा बसवला, तेव्हा स्वस्तिक तळाशी गेलं. देवाची खूण तळाशी कशी ठेवायची? मंगळवारी सकाळी, कोणी यायच्या आत, पट्टा सैल करून मी ती बाहेरच्या बाजूला आणली होती.

भाऊंनी स्वस्तिकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी सिलिंडर पिनेवर बसवला, पट्टा ओढला. तिसऱ्या खोकल्याला इंजिन लागलं.

आवाज ऐकून बाबाराव आले. काय झालं होतं, विचारलं. सिलिंडर पिनेवरून हटला होता, असं भाऊंनी सांगितलं.

"कोणं हटवला?"

भाऊ पान्यावरचं तेल पुसू लागले. ते खोटं बोलणार नाहीत आणि माझं नावही घेणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

"म्हणजे तुह्याच हातचं. एकोणीस वर्षं झाले अन् सिलिंडर बसवता येत नाही तुले. उद्यापासून येऊ नको."

"मी फिरवला," मी म्हणाले. "स्वस्तिक खाली गेलं होतं म्हणून. भाऊले काही माहीत नाही."

हमाल हसले. आता गाडीला नवसही बोला, असं एकजण म्हणाला. बाबारावांनी कपाळाला हात लावला, पूजा करा पण पट्ट्याला हात लावू नका म्हणाले, आणि निघून गेले. भाऊंची नोकरी त्या दिवशी वाचली.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सिलिंडरच्या माथ्यावर तळहाताएवढी जागा घासून लखलखीत केलेली.

"इथं लावत जा, ताई. पिनेवर बसवला का हे बाजू वरतंच राह्यते."

पौषात गाडी नागपूरला गेलीच. कापूसच नव्हता. भाऊंचाही तो शेवटचा दिवस. गाडी ट्रकवर चढल्यावर ते वर गेले, अंगठ्यानं पिन चाचपली, पट्टा आवळला. माथ्यावर मी सकाळी लावलेलं कुंकू तसंच होतं. ते पुसलं जाणार नाही अशा बेतानं त्यांनी ताडपत्री ओढली.