उपाशी माणसाची साक्ष

चुलतभावाचं पत्र आलं त्याला तीन वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. विसरलो म्हणालो तर ते खोटं होईल, आणि रमजानात निदान खोटं बोलू नये एवढं तरी पाळावं म्हणतो. पत्र मी एका जाड पुस्तकात ठेवलं होतं. आमच्या घरात माझ्याखेरीज पुस्तकाला हात कोण लावतंय? मी मात्र रोज्याच्या महिन्यात ते रोज काढून वाचायचो.

"दादा," त्यानं लिहिलं होतं, "त्या संध्याकाळी पाणी मीच फोडलं. मशिदीत घेतलेली शपथ खोटी होती. आता साखरेपायी पाय गेला, डॉक्टर रोजे धरू देत नाहीत. लेकीच्या घरी पडून असतो. अल्लाहचा गुन्हा केला तर तो माफ करेल, पण माणसाचा गुन्हा केला तर माणसाकडंच जावं लागतं. एक ओळ लिहा. वहिनींनाही सांगा."

वहिनी म्हणजे माझी बायको. तिला मी सांगितलं नाही.

गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. उन्हाळ्यातला रमजान होता. ढेकळं अशी तापायची, की चपलेतूनही तळव्याला चटका बसायचा. कालव्याचं पाणी आठवड्यातून एकदा, तेही तीन तास. आमची वेळ आली ती नेमकी सूर्य बुडायच्या तोंडावर. मिरची फुलावर होती. त्या दिवशी पाणी मिळालं तर पीक, नाही तर सरपण.

"तुम्ही मशिदीत जाऊन रोजा सोडा," बायको म्हणाली. "मी सोडते इथंच. खजूर आहे पदराला."

मी गेलो. माझी चूक ती. मला माणसांत बसायला आवडत नाही, पण त्या दिवशी कशी कुणास ठाऊक बुद्धी झाली.

परत आलो तर बायको बांधावर उभी, कोपरापर्यंत चिखल. खजूर अजून पदरालाच. माझा चुलतभाऊ खोऱ्या घेऊन आला होता, आमचा बांध फोडून त्यानं पाणी स्वतःच्या रानात वळवलं होतं. हिनं हातानं माती लोटून बघितली, पण वाहत्या पाण्यापुढं बाईची ओंजळ ती किती!

त्याला गावात गोडबोल्या म्हणत. दिवसभर त्यानं तोंडाला थेंब लावला नव्हता, आणि आमचे तीन तास एका घोटात पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजनंतर बायकोच्या गाऱ्हाण्यावरून इमामसाहेबांनी त्याला विचारलं. गोडबोल्या ओठ सुकलेले घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "रोज्यात आहे. अल्लाहशपथ, मी खोऱ्याला हात लावला नाही."

"रोजेदार माणूस खोटी शपथ घेईल होय?" न्हावी म्हणाला. गावाच्या डोक्यांवरून त्याचा वस्तरा फिरायचा, तशी जीभही. "पुस्तक्याच्या बायकोला उपाशीपोटी भोवळ आली असेल. उन्हात काहीबाही दिसतं माणसाला."

पुस्तक्या म्हणजे मी. आता बघा. उपवास दोघांचाही. त्याच्या उपवासानं तो खरा ठरला आणि हिच्या उपवासानं ही खोटी.

इमामसाहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही काय म्हणता?"

सगळी मशीद माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "मी तिथं नव्हतो. तिला कदाचित... उन्हाचं..."

पुढचं वाक्य मी पुरं केलं नाही. करायची गरजही उरली नव्हती.

मिरची जळाली. बायकोला पाण्यावर, दुकानात, बाया विचारायच्या, "काय गं, आज काय दिसलं?" ती हंडा उचलून घरी यायची. मला कधी बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून पत्र आलं तेव्हा मला काय झालं ते सांगतो. बरं वाटलं. पार आतून गार वाटलं. त्याच्या सुटकेची किल्ली माझ्या मुठीत आली होती. रोजा सोडतानाची दुवा कबूल होते म्हणतात. तीन वर्षं मी खजूर हातात धरून एकच मागत आलो: "याला सोडू नकोस." रोजा ही ढाल आहे असं मी कितीदा वाचलं असेल. मी ती ढाल हातात घेऊन समोरच्याच्या डोक्यात घालत होतो.

यंदा एका दुपारी पुस्तक छातीवर ठेवून डोळा लागला. जाग आली तर बायको खाटेशी उभी. एका हातात केरसुणी, दुसऱ्यात पत्र. ती बोट ठेवून ठेवून वाचते. सगळं वाचून झालं होतं.

"कधी आलं?"

"तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं!" ती खाली बसली. "त्या न्हाव्याची बायको परवाच्या दिवशी म्हणाली मला, जपून जा गं, भोवळ येईल. आणि हा कागद तुमच्या उशाला?"

"अगं, मला त्याला तडफडवायचं होतं."

"त्याला? तो तिकडं बसलाय लेकीच्या घरी. तडफडलं कोण?"

मी उठून बसलो.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "हा कागद गावात वाचला असता तर तो खोटा ठरला असता. पण तुम्हीही ठरला असता. म्हणून दडवलात."

एवढी पुस्तकं वाचली मी, पण मला कुणी असं नेमकं वाचलं नव्हतं.

"आपण घरात एकटे असतो," ती पुढं म्हणाली, "माठ भरलेला असतो, बघायला कुणी नसतं, तरी घोट घेत नाही. का? अल्लाह बघतो म्हणून. मग पुस्तकात बघत नव्हता का तो?"

"आता काय करू?"

"शुक्रवारी वाचा. तिथंच. मोठ्यानं."

"माझ्यानं होणार नाही गं. माझा आवाज..."

"मग रोजा तरी कशाला धरता? उपाशी तर खुंट्याला बांधलेला बैलही राहतो."

शुक्रवारी मी उभा राहिलो. पत्र उघडलं. वाचलं. शपथेच्या ओळीला कुणी तरी "तौबा" म्हणालं. न्हावी खाली बघत होता. मला वाटलं आता बसावं. गोडबोल्याची फजिती झाली, सूड झाला, पुरे. पण खिडकीबाहेर बाया ऐकत होत्या, त्यांत ती होती. मी म्हणालो, "आणि त्या दिवशी मीही खोटं बोललो. तिला ऊन लागलं नव्हतं. मला भीती वाटत होती."

इमामसाहेबांनी हळूच म्हटलं, "आज खरा रोजा लागला तुम्हाला."

घरी आलो तर तिनं कागद आणि पेन पुढं ठेवलं होतं.

"लिहा. भाऊजी, तुमचं पत्र शुक्रवारी साऱ्या गावानं ऐकलं. न्हाव्यानंही."

लिहिलं.

"मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही."

"अगं, तो आजारी आहे..."

"लिहा म्हणते ना! तुमच्या आधी घरातला एक जण रांगेत आहे. त्याचं झालं की तुमचं बघू. तोवर थांबा."

मी लिहिलं. 'घरातला एक जण' लिहिताना पेन अडखळलं, पण लिहिलं. मग तिच्याकडं बघत विचारलं, "माझी एक ओळ घालू का खाली?"

"घाला. पण मऊ लिहायचं नाही."

मी लिहिलं: "तिनं मला माफ केलं की मी तुला करीन. त्याआधी मरू नकोस."

तिनं वाचलं, बोट ठेवून, दोनदा. मग पाकीट स्वतःच्या जिभेनं चिकटवायला गेली आणि थांबली. रोजा होता. बोट पाण्यात बुडवून तिनं कड ओली केली, दाबून धरली, आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

टपालपेटी फाट्यावर आहे. ऊन डोक्यावर होतं. मी चालत गेलो आणि टाकलं.