वजा पासष्ट

लग्नात सुटलेलं कॉलेज मी यंदा पुन्हा धरलं. रसायनशास्त्राच्या पेपरात एकदा गटांगळी खाऊन झाली होती. या खेपेलाही गेला तर पुस्तकं माळ्यावर टाकायची, असं ठरवलं होतं. नाते गावातल्या माझ्या सासरी हे फक्त आईंना, म्हणजे माझ्या सासूबाई ठकूबाईंना, ठाऊक होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आईंनी दिवाळीच्या रंगासाठी कळीचा चुना भिजवायला काढला. "तू बस वाचत," म्हणाल्या.

मी ओटीवर नेमकं चुन्याचंच गणित सोडवत होते. प्रत्येक पदार्थ मूलद्रव्यांपासून बनताना किती उष्णता देतो किंवा घेतो, ते आकडे कोष्टकात असतात. त्यांची वजाबाकी केली की अभिक्रियेची उष्णता मिळते. माझं उत्तर आलं अधिक पासष्ट किलोज्यूल. म्हणजे चुना उष्णता घेणार, पाणी गार होणार. महाडच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मी चुना पाहिला होता तो पानाच्या डबीतला. उत्तर आलं यातच मी खूश.

आईंनी पिंपातल्या पाण्यात खडे सोडले. गारवा बघायला मी हात घालणार, तोच त्यांनी दंड धरून मला मागे खेचलं. बघता बघता पाणी रटरटायला लागलं.

"गार होणार होतं," मी पुटपुटले.

"कोण बोललं?"

"गणित."

"मग तुझं गणित उलटं हाय गो."

त्यांनी बांगड्या मागे सारल्या. मनगटावर पांढुरका डाग होता. "नवी आलेली तवा मी पण असाच हात घातलेला. मला मागं वडायला कोण नव्हतं."

मी तो डाग बोटांनी चाचपत राहिले, मग त्यांनीच मला वहीकडे पिटाळलं. गणित खरंच उलटं होतं. तयार झालेल्या पदार्थातून मूळचे वजा करायचे, ते मी मूळच्यांतून तयार झालेला वजा केला होता. नीट केल्यावर आलं वजा पासष्ट, म्हणजे उष्णता बाहेर पडणार.

पेपरात गॅस जळण्याचं गणित आलं. घाईघाईत माझं उत्तर पुन्हा अधिक. मी पुढच्या प्रश्नाकडे वळलेच होते, तेवढ्यात आईंचं मनगट आठवलं. परत आले आणि वजाबाकी फिरवली.

निकाल लागला. काठावर का होईना, पास झाले. त्या एका गणितानेच तारलं, हे आईंना सांगितलं. त्यांनी बांगड्या सारून डागाकडे पाहिलं.

"तीस वर्सांनी कामाला आला म्हणायचा," त्या म्हणाल्या.