ठशाची पडताळणी

कोराबियाच्या घाटावर डॅन्यूब नदीची पातळी मोजण्याचे काम मी एकोणीस वर्षे करीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तथापि अक्षर वळणदार असल्यामुळे हे काम मला मिळाले. सकाळी आठ वाजता पट्टीवरचा आकडा वाचावा, कॉम्प्युटरात भरावा आणि त्या दिवसाची फाइल बुखारेस्टच्या कार्यालयातील सर्व्हरवर पाठवावी, असे त्या कामाचे स्वरूप आहे.

ही फाइल उघड्या वाटेने जात नाही. वाटेत कोणी आकडा बदलला, तर खालच्या गावांना पुराची वर्दी चुकीची जाईल. म्हणून ती कुलूपबंद होऊन जाते, आणि निघण्यापूर्वी माझा कॉम्प्युटर पलीकडच्या सर्व्हरचा ठसा तपासतो. माणसाला जसा अंगठा, तशी सर्व्हरला ही त्रेचाळीस अक्षरे. ठसा ओळखीचा असेल तर कॉम्प्युटर मुकाट्याने फाइल सोडतो. बदललेला असेल तर अडून बसतो, आणि मधे कोणी तोतया बसला असेल असे बजावतो. अशा वेळी कार्यालयाला फोन करून ठसा पडताळावा आणि मगच ‘होय’ लिहावे, असा नियम आहे. नदीकाठच्या बारा घाटांपैकी अकरा घाटांवरची माणसे न वाचताच ‘होय’ लिहीत. मी फोन करीत असे.

फोन वेतुरियाबाई उचलत. सर्व्हर त्यांच्या ताब्यात होता. त्यांचे यजमान पूर्वीच निवर्तले होते, मीही विधुर. त्यांना मी कधी पाहिले नव्हते. एकही अक्षर ऐकण्यात चुकू नये म्हणून त्या प्रत्येकाला एक शब्द जोडीत, आणि तो शब्द बहुतेक वेळा खाण्याचा असे.

“निया पान्ते,” त्या म्हणत, “तुमच्यामुळे मला सकाळी सकाळीच भूक लागते. घ्या लिहून. सी, चेरीचा.”

माझे नाव पान्तेलिमोन. ‘निया’ आमच्याकडे वडीलधाऱ्याला म्हणतात. त्या मात्र ते चिडवण्याच्या सुरात म्हणत, आणि मला ते आवडे.

ठसा वर्षातून एकदा, फार तर दोनदा बदले. कालांतराने मी कारण नसतानाही फोन करू लागलो. गेल्या ऑगस्टमध्ये मी त्यांना विचारले की, एखाद्या रविवारी कोराबियाला याल का. अंगणात जर्दाळूचे झाड आहे, एक खोली रिकामी आहे, आणि परतीची गाडी चुकली तरी माझी हरकत नाही, असेही मी म्हणालो. हे वाक्य मी आठ दिवस आधी कागदावर लिहून ठेवले होते. त्या विचार करून सांगते म्हणाल्या.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. उत्तर आले नाही. आपण होऊन पुन्हा फोन करायचा नाही, असे मी ठरवले. फाइल रोज जात होती, ठसा रोज जुळत होता, आणि फोन करण्याचे कारण काही केल्या उद्भवत नव्हते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी कॉम्प्युटर अडून बसला. ठसा बदलला होता. माझा हात आपसूक फोनकडे गेला. त्या वेळी घाटावरचा क्रेनवाला फाने माझ्या खोलीत शेगडीवर हात शेकत उभा होता. त्याला सर्व ठाऊक होते.

“तीन महिने झाले, बाईच्या तोंडून हो नाही की नाही नाही,” तो म्हणाला. “आणि तू चेरी ऐकायला फोन लावतोस? थोडी तरी लाज ठेव, पान्ते.”

फानेला मी दोष देत नाही. तो बोलला ते माझ्याच मनात होते. मी जुन्या ठशाची ओळ पुसली. नवा ठसा पडद्यावर आला, खाली नेहमीचा प्रश्न आला. मी अक्षरे न वाचता ‘होय’ लिहिले. फाइल गेली. आता बाईंना कळेल, असे एक क्षुद्र समाधान मला दिवसभर पुरले.

डिसेंबरात माझा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. नव्याला कोणताच ठसा ठाऊक नव्हता. सर्व्हरचा ठसा दाखवून त्याने विचारले, याला ओळखता का. एव्हाना माझा अभिमान विरघळला होता. मी फोन केला.

पुरुषाचा आवाज आला. वेतुरियाबाईंचा सहकारी ऑक्टाव्हियान, असे सांगून त्याने विचारले, कोराबियाचे निया पान्ते का. मी होय म्हणालो. तेव्हा त्याने सांगितले की, वेतुरियाबाई हृदयाच्या शस्त्रक्रियेतून उठल्या नाहीत. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचे विधी आता ठरत आहेत. मला कळवायला हवे होते, परंतु मीच संबंध तोडला असे त्याला वाटले होते.

मी विचारले, तसे का वाटले.

मग त्याने तो गुरुवार सांगितला. तो त्यांचा कार्यालयातील शेवटचा दिवस होता. ठसा बदलण्याची काही गरज नव्हती. त्यांनी सकाळी येऊन मुद्दाम बदलला.

“मी म्हटलं, बाई, सरळ फोन लावा ना त्यांना,” ऑक्टाव्हियान म्हणाला. “तर म्हणाल्या, आपण होऊन मला नाही जमायचं. तो करेल. बाकीचे अकरा न विचारता होय म्हणतील, निया पान्ते नाही म्हणायचा.”

चार वाजेपर्यंत त्या फोनपाशी बसल्या होत्या. खाली इस्पितळात न्यायला गाडी थांबली होती. निघताना त्यांनी सर्व्हरवरची नोंद उघडली. माझी फाइल सकाळी नऊपूर्वीच येऊन पडली होती. “बाराही आल्या,” एवढे त्या म्हणाल्या आणि कोट घातला.

पलीकडे कागद हलल्याचा आवाज झाला.

“त्यांच्या टेबलावर ठसा लिहिलेला कागद आहे,” ऑक्टाव्हियान म्हणाला. “अक्षरांपुढे शब्द आहेत. टाकवला नाही मला. तुम्हाला पडताळायचाय ना? वाचू?”

“वाचा.”

“सी. इथे चेरी लिहून खोडलंय. सी, कोराबियाचा.”

त्यांनी तो शब्द यापूर्वी कधीही वापरला नव्हता. मी त्याला क्षणभर थांबायला सांगितले. नंतर तो पुढे वाचत गेला. मक्याच्या पिठाची मामालिगा आली, मनुका आल्या, आणि मी पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर ओलांडत गेलो. त्रेचाळिसातले एकही चुकले नाही.

“जुळलं का?” त्याने विचारले.

“जुळलं,” मी म्हणालो.

मी ‘होय’ लिहिले आणि त्या दिवसाची फाइल पाठवली. पाणी दोनशे एकतीस सेंटिमीटर, उतरते.