रोहिणीचा कुकर आणि रेश्माचा पांढरा कोट

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे आणि स्वभावाने जरा हेवेखोर आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. माझ्या मालकिणीच्या डोळ्यात जे खुपतं, ते माझ्याही खुपतं.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण डोळे उघडले ते बारामतीच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात. तिथून मला कन्हेरीच्या भामाबाईंनी उचललं. त्यांची लेक रोहिणी दुग्धशास्त्र शिकायला हॉलंडला निघाली होती. १९९६ सालची ही गोष्ट.

"इमानात भांडी नेत्यात व्हय?" तिचे वडील सोनबा म्हणाले.

"भाकरी मिळंल न मिळंल. डाळ-भात तरी पोटात जाईल पोरीच्या," भामाबाई म्हणाल्या आणि मला साडीत गुंडाळून बॅगेत बसवलं.

तिथल्या वसतिगृहात रोहिणीच्या शेजारच्या खोलीत इंदापूरची रेश्मा होती. तिचे वडील सावळाराम मोठे ऊसबागायतदार. गावाकडे दोघींची ओळखही नव्हती. हॉलंडला मात्र दोघी बहिणींसारख्या झाल्या. रोज संध्याकाळी सामायिक स्वयंपाकघरात, विजेच्या शेगडीवर, माझ्यात दोघींचा डाळ-भात शिजायचा. रोहिणी रेश्माला अभ्यास समजावायची. रेश्मा रोहिणीला इंग्रजी बोलायला शिकवायची. माझी शिट्टी झाली की दोघी वह्या मिटून ताटं घ्यायच्या. मला वाटायचं, सगळं माझ्यामुळंच चाललंय.

मग प्रत्यक्ष कामाचे महिने आले. शिक्षकांनी वर्गात नावं वाचली. रेश्माला चीजच्या कारखान्यातली प्रयोगशाळा मिळाली आणि रोहिणीला एका शेतकऱ्याचा गोठा.

"वर्गात पहिली मी आले, आन शेण मीच काढायचं," रोहिणी मला घासताना पुटपुटली. "त्ये तर कन्हेरीतबी होतं की."

रबरी बूट घालून, सायकल हाणत ती पहाटे निघे आणि पावसाने भिजून परत येई. रेश्मा कंपनीच्या गाडीतून येई. तिच्या अंगाला साबणाचा मंद वास असे. ती पांढऱ्या कोटाच्या आणि काचेच्या उपकरणांच्या गोष्टी सांगे. रोहिणी मान हलवी, पण तिचा घास तोंडातच फिरत राही. तेव्हापासून मीही रेश्माच्या हाताला चटका द्यायची संधी शोधू लागलो.

एका रविवारी रोहिणीने कन्हेरीच्या किराणा दुकानात फोन लावला. भामाबाई बोलायला आल्या होत्या.

"रेश्माचा फोटू आलाय म्हनं, पांढऱ्या कोटातला," त्या कौतुकानं म्हणाल्या. "सावळारामतात्या समद्यांस्नी दावत्यात. तुझा कवा यायचा गं?"

रोहिणीने परत येऊन माझ्या झाकणावरची शिट्टी काढली आणि गोठ्यात घालायच्या कोटाच्या खिशात टाकली.

संध्याकाळी रेश्माने विचारलं, "शिट्टी कुठं गेली गं?"

"हरवली."

शिट्टीशिवाय वाफ भसाभसा निघून जाते. मी नुसतं पातेलं झालो. दोघी आपापल्या खोलीत कोरडा पाव खाऊ लागल्या. आधी मला आनंद झाला. मग लक्षात आलं की उपाशी तर रोहिणीही राहतेय, आणि मी फळीवर रिकामा बसलोय.

एका संध्याकाळी रोहिणी कुडकुडत आली. स्वयंपाकघरात रेश्मा माझ्यावर ताटली झाकून उभी होती. कितीतरी वेळ ती डाळ ढवळत होती.

"दाताखाली येतीया, पर गरम हाय. बस," ती म्हणाली.

रोहिणी खाली मान घालून जेवली. तिच्या ओल्या कोटाच्या खिशात शिट्टी होती.

काही आठवड्यांनी रेश्माच्या नावाने कापडात शिवलेलं पार्सल आलं. शिट्टी हरवल्याचं रेश्माने घरी कळवलं होतं. कुकर कोणत्या बनावटीचा, हे विचारायला तिची आई कौसल्या एसटीने इंदापूरहून कन्हेरीला गेली होती. भामाबाईंनी तिला बारामतीच्या त्याच दुकानात नेलं. पार्सलमध्ये नवी शिट्टी होती, नवी रिंग होती, आणि दोन्ही घरच्या काळ्या मसाल्याच्या दोन पुड्या होत्या.

रोहिणी उठली. कोट आणला. जुनी शिट्टी काढून नव्या शिट्टीशेजारी ठेवली.

रेश्माने दोन्ही शिट्ट्या उचलून पाहिल्या. "का गं?"

"तुझ्या कोटापायी."

"कोट फोटूत दिसतो," रेश्मा सावकाश म्हणाली. "दिसभर बाटल्या धुते मी तितं. नावानं कुनी हाकबी मारत न्हाय. तुझ्या गोठ्याची मालकीण तुला आपल्या टेबलावर जेवू घालती, गाय व्याताना हात लावू देती. मला तुझा किती राग यायचा, ठावं हाय? पर सांजच्याला जेवायला दुसरं कोन हाय मला हितं?"

ती आपल्या खोलीत निघून गेली. पुढचे काही दिवस ती रोहिणीशी बोलली नाही. मला शिट्टी मिळाली, पण ती वाजवायला कुणी नव्हतं. शेवटी रोहिणीच तिच्या दारात गेली आणि म्हणाली, "आज गाय व्यायची हाय. माझ्यासंगं चल." रेश्मा तिच्या सायकलवर मागे बसून गेली. परतल्या तेव्हा दोघींच्या बाह्या कोपरापर्यंत मळलेल्या होत्या आणि दोघी वासराबद्दल एकदमच बोलत होत्या.

त्या दिवशी डाळ मऊ शिजली. मी रेश्माला चटका दिला नाही.

पुढे दोघी परत आल्या. रेश्मा आता बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात तपासनीस आहे. रोहिणीने कन्हेरीत स्वतःच्या गाई घेतल्या आहेत. घरात स्टीलचा चकचकीत कुकर आलाय आणि मी गोठ्यात गाईंचं आंबोण शिजवतो. माझी रिंग सैल झाली आहे, बूड काळं पडलं आहे. स्टीलच्या कुकरचा मला हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, भांडं वापरता तर ते घासत जा, त्याच्या वाफेचं भोक तुंबू देऊ नका, रिंग वेळेवर बदला. आणि कुणी तुमच्यावर जळत असेल, तर त्याच्याशी भांडायला जाण्याआधी एकदा विचारून बघा, तो जेवलाय का.