मयतीसाठी थांबणारी मालगाडी

लिबी वोंद्रा गेली हे ब्रोडी गावाला घंटेवरून कळलं. मार्च चालू होता. रस्त्याच्या कडेला काळा पडलेला बर्फ अजून तसाच होता. चर्चच्या घंटेचे ठोके संथ पडू लागले तसं पोस्टात, गॅरेजात, धान्याच्या कोठारावर माणसं हातातलं काम थांबवून उभी राहिली. कोण गेलं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. लिबी सगळा हिवाळा अंथरुणाला खिळून होती.

तिचा नवरा आलोइस त्या वेळी स्वयंपाकघरात बसला होता. तिथली खिडकी रुळांच्या बाजूला उघडते. सकाळची मालगाडी गेली, कपबशा हलल्या. त्या खिडकीतून प्रत्येक गाडीला हात करायची लिबीची सवय होती. हात कणकेने माखलेला असला तरी करायची. आलोइसने हात केला नाही. गाडी जाईपर्यंत तो नुसता बघत राहिला.

दुपारपर्यंत टेबल भरलं. कुणी नूडल्सचं सूप आणलं, कुणी खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, कुणी भाजलेलं बदक. समोरच्या रोझाली मावशी काठी टेकत आल्या. नव्वदी ओलांडलेली बाई, पण जीभ अजून तरणी.

"काही खाल्लंस का?"

"खाईन."

"खाईन म्हणणारे खात नाहीत. बस इथं." त्यांनी सूप वाढलं आणि तो दोन घास खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "रेल्वेला कळवलंस?"

"नाही अजून."

"आजच कळव. शुक्रवारी दहाला नेऊ म्हणतात फादर."

ब्रोडीत मयत झाली की रेल्वेला कळवायचंच. चर्च रुळांच्या अलीकडे आणि दफनभूमी पलीकडच्या टेकडीवर, त्यामुळे प्रत्येकाला शेवटी एकदा फाटक ओलांडावं लागतं. मयतीच्या दिवशी मालगाडी कोठाराच्या अलीकडे उभी राहायची. इंजिनाची घंटा हळू वाजत राहायची, ड्रायव्हर टोपी काढून खिडकीत उभा असायचा, आणि शेवटची मोटार पलीकडे गेल्याशिवाय चाक हलायचं नाही. पाहुणे आले की गाव हे अभिमानाने सांगायचं. "आमच्याकडे गव्हर्नरसाठी गाडी थांबत नाही, पण मेलेल्यासाठी थांबते."

याची परतफेड गाव आपल्या परीने करायचं. रुळांवर गुरं आली तर ज्याला दिसतील तो धावायचा, मग गुरं कुणाची का असेनात. बर्फाने मार्ग बुजला की माणसं न बोलावता फावडी घेऊन जायची. नाताळात ड्रायव्हरांसाठी कोलाचेंची खोकी स्टेशनात जायची. सुगीत धान्य भरायचे मालडबे, वाघिणी, वेळेवर आल्या नाहीत म्हणून कुणी रेल्वेला शिव्या घातल्या, तर दुसरा म्हणायचा, "गप रे. तुझ्या बापासाठी थांबली होती ना गाडी?"

स्टेशनची मास्तरीण लिबीच होती. मग ती रेल्वे दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतली. इंजिनांचा रंग बदलला, स्टेशनच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या, लिबी घरी बसली. मयत झाली की लोक तिला येऊन सांगायचे आणि ती स्वयंपाकघरातून फोन करायची. पुढे त्या कंपनीला आणखी मोठ्या कंपनीने गिळलं. रंग पुन्हा बदलला, गाड्या लांबत गेल्या, कोठारावरच्या भरलेल्या वाघिणी आठवडा आठवडा तशाच पडून राहू लागल्या. गाव कुरकुरलं, पण मयतीला गाडी थांबत होती. तेवढ्यावर गावाने बाकीचं गिळलं.

आलोइसने स्वतः तो फोन कधी केला नव्हता. तो दिवसभर कोठारावर असायचा. कधी घरी असलाच तर लिबीचं बोलणं कानावर पडायचं. "कर्टिस, तुझ्या लेकीचा दात पडला का रे?" असलं काहीतरी. बायका फोनवर बोलतात तसं हेही, असं समजून तो पेपर वाचत राहायचा. आता त्याला नंबरसुद्धा माहीत नव्हता. तो फाटकावर गेला आणि तिथल्या निळ्या पाटीवरचा नंबर घेऊन आला.

एका मुलीने फोन उचलला.

"फाटकाला काही झालंय का, सर?"

"नाही. शुक्रवारी दहाला मयत न्यायची आहे. गाडी थांबवा म्हणून कळवतोय."

"म्हणजे रुळांवर काही अपघात झालाय का?"

"नाही, बाई. माझी बायको गेली."

"फार वाईट वाटलं, सर," ती म्हणाली, आणि ते मनापासून होतं. तिने सगळं लिहून घेतलं, एक तक्रार क्रमांक दिला आणि आणखी काही मदत हवी का, असंही विचारलं. आलोइसने फोन ठेवला आणि गावाला सांगितलं, रेल्वेला कळवलंय. ब्रोडीच्या माणसाला तेवढं पुरेसं होतं. सांगितलं की गाडी थांबते.

शुक्रवारी ऊन होतं, वाराही होता. शववाहिका पुढे, मागे आलोइसची मोटार, त्यामागे निम्मं गाव. शववाहिका फाटकाजवळ पोचते तोच लाल दिवे लुकलुकले आणि आडवे दांडे खाली आले. गाडी पूर्वेकडून आली. तिने वेग कमी केला नाही, घंटा वाजवली नाही, नुसता भोंगा दिला. चार इंजिनं गेली आणि मागून वाघिणी सुरू झाल्या. त्या संपेनात. बऱ्याच वेळाने वेग पडत गेला, लोखंड किंचाळलं आणि फाटक अडवून गाडी जागच्या जागी उभी राहिली.

गावात तीन फाटकं आहेत. पूर्वी गाडीने एक अडवलं तर दुसरं मोकळं असायचं. ही तिन्ही फाटकांवर पसरली होती. पश्चिमेला इंजिन दिसत नव्हतं आणि पूर्वेला शेपूट दिसत नव्हतं.

आलोइस मोटारीतून उतरला, मागची माणसंही उतरली. जन्म रुळांजवळ गेला, पण उभ्या गाडीच्या इतक्या जवळ तो कधी गेला नव्हता. चाकं त्याच्या कमरेइतकी उंच होती. तापलेल्या लोखंडाचा बारीक कटकट आवाज येत होता. आणि वारा थांबला होता. या प्रदेशात उत्तरेचा वारा कधी पडत नाही, पण गाडीने तो अडवला होता. बायकांच्या डोक्यावरचे फडफडणारे रुमाल निश्चल झाले, हातातल्या काचेआडच्या मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ झाल्या. आकाशाखाली कुणीतरी एक गावच आडवं ठेवल्यासारखं वाटत होतं. आलोइसने वाघिणीला हात लावला. तिची थंडी त्याच्या कोपरापर्यंत चढली.

मागे माणसं बोलू लागली. ड्वेन, ज्याची शववाहिका होती तो, म्हणाला, "ब्रेकची हवा गेली असणार. दहा मिनिटं लागतील नाही तर दोन तास."

खांदेकऱ्यांमधला मिलोश पुढे आला. "काका, पेटी वाघिणींच्या मधून पलीकडे देऊ या. दोघं वर चढतो, चौघं खालून धरा. पाच मिनिटांचं काम."

"नाही," आलोइस म्हणाला.

"अहो, गाडी मेल्यासारखी उभी आहे."

"तुला तिने किती वेळा कान धरून वाघिणीखालून ओढून काढलं होतं, मिलोश? तिला तिथून नेतोस?"

"उठून बसेल ती," रोझाली मावशी मोटारीच्या खिडकीतून म्हणाल्या, "आणि तुझा राहिलेला कान धरेल."

लोक हसले. मग फादरनी प्रार्थना सुरू केली. ती संपली तरी गाडी हलली नाही.

तेवढ्यात पूर्वेकडून खडीवरून कुणीतरी चालत येताना दिसलं. पिवळं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, हात ग्रीसने काळे. गाडीची गार्ड होती, हल्ली गार्ड बसतात तशी इंजिनातच बसणारी, पन्नाशीची बाई. दमली होती, थोडी लंगडत होती.

"या, महाराणी, या," मिलोश म्हणाला. "एवढी लांब गाडी कशाला? दोन राज्यं बांधून ठेवायची आहेत का?"

बाईची नजर शववाहिकेवर गेली आणि तिने हेल्मेट काढलं. आलोइस तिच्याजवळ गेला.

"हवेचा पाइप फुटला होता, मागे," ती म्हणाली. "बदलला. आता इंजिनापर्यंत पोचले की निघू."

"गाडी मधून तोडून फाटक मोकळं करता येईल?"

"विचारते." ती वायरलेसवर बोलली. पलीकडचा आवाज दोन शब्दांत संपला. "नाही म्हणतात. तोडली तर ब्रेक पुन्हा तपासावे लागतात, मागे तीन गाड्या खोळंबल्यात. मला खरंच वाईट वाटतंय."

"पण आम्ही कळवलं होतं," आलोइस म्हणाला. "मयतीला थांबायचा तुमचा नियम आहे ना?"

"कसला नियम?"

"ब्रोडीला मयत असली की गाडी कोठाराशी थांबते. मागच्या ऑक्टोबरात म्हाताऱ्या हावेलसाठी थांबली होती."

बाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "दादा, असा नियम नाही. कधीच नव्हता. तो कर्टिस होता."

"कर्टिस?"

"कंट्रोलमध्ये बसायचा, पार तिकडे, दोन राज्यं ओलांडून. तो वायरलेसवर सांगायचा, 'आज ब्रोडीला लिबीचा थांबा आहे, टोपी काढा.' कागदावर काही नसायचं. वरच्यांना कळलं असतं तर त्याला झापला असता. तो वेळ दुसरीकडे भरून काढायचा. आता कंपन्या एक झाल्या त्यात त्याचं टेबलच गेलं. नव्या वर्षाला घरी पाठवला." तिने हातावरचं ग्रीस पुसलं. "आम्ही सगळे थांबायचो त्याच्या सांगण्यावर. पण ही लिबी कोण, ते मला कधी कळलं नाही."

आलोइसने शववाहिकेकडे बोट केलं. "ती."

बाईने हेल्मेट छातीशी धरलं. आलोइसने मान वर करून गाडी पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जेवढी दिसत होती तेवढी. चाळीस वर्षं असलं धूड त्याची बायको थांबवत होती. तिच्या हातात ना झेंडा होता, ना अधिकार. कणीक मळता मळता ती एका न पाहिलेल्या माणसाला त्याच्या लेकीचा दात विचारत होती, आणि डोंगराएवढं लोखंड रुळांवर उभं राहत होतं. सगळं गाव कंपनीचे आभार मानत होतं. तोही मानत होता, तिच्यासमोर बसून. आणि ती कधी बोलली नाही. आलोइसला त्या गाडीची भीती वाटेनाशी झाली. शववाहिकेतल्या त्या लहानशा बाईकडे मात्र त्याला थेट बघवेना.

"निघायला हवं मला," गार्डबाई म्हणाली. "लवकर पोचले तर तुम्ही लवकर सुटाल."

"थांब जरा, पोरी," रोझाली मावशींनी पिशवीतून कोलाचा काढून खिडकीतून पुढे केला. "चालता चालता खा. लांब आहे तुझं इंजिन."

बाईने तो घेतला आणि पश्चिमेला चालू लागली. मिलोशने तिला वाट करून दिली. गाव तिच्या पाठीकडे बघत उभं राहिलं. इतकी वर्षं गाड्या ब्रोडीच्या मेलेल्यांसाठी थांबल्या होत्या. आज लिबी गाडीसाठी थांबली होती.

गार्डबाई दिसेनाशी झाल्यावर बऱ्याच वेळाने दुरून बारीक आवाज आला. इंजिनाची घंटा होती, संथ, एकेक ठोका. "सांगितलं तिने ड्रायव्हरला," ड्वेन हळूच म्हणाला. सगळ्यांनी टोप्या काढल्या. मग पश्चिमेकडून गडगडाट सुरू झाला. एकेका वाघिणीची साखळी ताणली जात होती आणि तो आवाज वळवासारखा धावत आला, त्यांच्या समोरून गेला, पूर्वेला निघून गेला. पायाखालची जमीन हलली. समोरचं चाक फिरलं.

शेवटची वाघीण आली तेव्हा तिच्या पाठीवर फक्त एक लाल दिवा लुकलुकत होता. शेवटच्या डब्यात माणूस असण्याचे दिवस कधीच गेले. तरी जुन्या सवयीने साऱ्या गावाचे हात वर गेले. बघायला पलीकडे कुणी नव्हतं. मग वारा परत आला, दांडे वर झाले आणि लिबी फाटकापलीकडे गेली.

नियम नव्हता, ही गोष्ट दोन दिवसांत घरोघरी पोचली. त्यानंतर गाव रेल्वेला मोठ्याने शिव्या घालेनासं झालं, आणि तेच जास्त वाईट होतं. एप्रिलात एका वाघिणीच्या चाकातून धूर निघताना मिलोशने पाहिला. पूर्वी तो धावत लिबीकडे गेला असता. या वेळी तो बिअर पिताना म्हणाला, "सांगायचं कुणाला? पाटीला?" आलोइस उठून पाटीच्या नंबरावर फोन करून आला. त्याला तक्रार क्रमांक मिळाला.

मे महिन्यात कंपनीचा एक माणूस आला. कंपनी आणखी एका कंपनीशी एक होणार होती आणि सरकारपुढे सुनावणी होती. मार्गावरच्या गावांनी दोन चांगले शब्द बोलावेत म्हणून तो सभागृहात डोनट घेऊन बसला होता. माणूस वाईट नव्हता. "तुमचं आमचं नातं शंभर वर्षांचं आहे," तो म्हणाला.

"आमचं नातं लिबीशी होतं," मागून मिलोश म्हणाला. "तुम्ही मध्ये उभे होतात."

आलोइस उठला. "मला एवढंच सांगा," तो म्हणाला, "पुढच्या मयतीला फोन कुणाला करायचा? पाटीवरचा नंबर नको. माणसाचं नाव सांगा."

त्या माणसाने फोन काढून काहीतरी शोधलं. शेवटी म्हणाला, "माहिती काढून कळवतो तुम्हाला." तो खोटं बोलत नव्हता. चांगले शब्द बोलायला कोण उभं राहतंय, असं त्याने विचारलं तेव्हा कुणी उठलं नाही. डोनट तसेच राहिले.

रोझाली मावशी दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर आलोइसला गाठतात.

"आलं का नाव?"

"नाही अजून."

"मग मरायची थांबते मी बापडी," म्हणतात आणि काठी टेकत घरी जातात.

आता सप्टेंबर आहे. कोठारावर मका येऊ लागला आहे. नाव अजून आलेलं नाही.